तुझ्या नावाचा मावा

सुमन, तुझ्या नावाचा किडा करायचा घाट घातलाय सगळ्यांनी. हसू नकोस. तेराव्याची पंगत उठली होती, बायका खरकटं आवरत होत्या, आणि आपले एमएस्सीचे सर, या वयात पुण्याहून एसटीनं मार्गासनीला आलेले, ओसरीवर सगळ्यांच्या देखत मला म्हणाले, "शैला, देवराईतल्या माव्याची ती नवी जात आहे ना तुझ्याकडे, तिला सुमनचं नाव दे. आपल्या शास्त्रात याहून मोठं स्मारक नाही." झालं! चुलते माना डोलवायला लागले. तुझ्या शाळेतल्या बाईंनी तिथंच डोळ्यांना पदर लावला. तुझा दादा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी गप्प. मी गप्प बसले म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे ओळखणारं त्या घरात एकच माणूस होतं, आणि त्याच्याच तेराव्याला आम्ही जेवलो होतो.

ती जात नवी नाहीच, असं तू म्हणत होतीस. शेवटच्या भेटीपर्यंत म्हणत होतीस. हे त्या ओसरीवर कुणाला सांगायचं होतं, आणि कोणत्या तोंडानं?

लोकांना वाटायचं, नणंद-भावजया भांडतात म्हणजे दागिन्यांवरून, नाहीतर कोण कुणाला काय बोललं यावरून. आपण भांडलो माव्याच्या पाठीवरच्या केसांवरून. सांगून कुणाला पटलं असतं का गं? एमएस्सीला एका बाकावर बसणारी मैत्रीण म्हणून तू मला घरी नेलंस आणि भावाच्या गळ्यात बांधून मोकळी झालीस. आईंनी दटावलं म्हणून पहिलं वर्षभर मी तुला 'वन्सं, चहा घेता का' म्हणायचे आणि तू स्वयंपाकघरात खिदळत बसायचीस. पुढे मी भोरच्या कॉलेजात शिकवायला लागले, तू किकवीच्या शाळेत. तू लग्न केलं नाहीस, आईंजवळ मार्गासनीत राहिलीस. पण किडे काही सुटले नाहीत. तुझेही नाहीत, माझेही नाहीत.

शाळा-कॉलेज सुटल्यावर तू किकवीकडून यायचीस, मी भोरकडून, आणि कापूरहोळच्या फाट्यावर त्या कोपऱ्यातल्या हॉटेलात आपण बसायचो. मिसळीच्या ताटल्यांच्या मधे अल्कोहोलच्या बारक्या बाटल्या. मालकानं एकदा न राहवून विचारलं, "ताई, हे औषध कशावर असतंय हो?" तू तोंडातला घास गिळला नाहीस तोच म्हणालीस, "वहिनीच्या डोक्यावर." तो बिचारा खरं समजला. त्यानंतर माझ्या चहात न सांगता आलं जास्त पडायला लागलं. या महिन्यात मी दोनदा तिथून गेले, उतरले नाही.

तुझ्यासारखं समजावून सांगणं मला कधी जमलं नाही. कॉलेजातली पोरं माझ्या तासाला जांभया देतात, आणि तू आईंना, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला, पावट्याच्या वाफ्यात उभं करून माव्याचे वंश शिकवले होतेस. आठवतं? एका हातात पावट्याची शेंग, दुसऱ्या हातात उंबराच्या कुळातल्या खरवतीचं गळून पडलेलं पान, आणि आईंच्या डोळ्याला भिंग. आई म्हणत होत्या, "मावा त्यो मावा. त्यात काय बघायचंय?" तू म्हणालीस, "न्हाई गं आये, मागल्या बाजूला बघ. पावट्यावरच्याला दोन नळ्या हायेत का पाठीवर? आखूड, काळ्या, गुळगुळीत? आता ह्यो बघ." खरवतीवरचा पिवळट-तपकिरी, नासपतीसारखा फुगीर, आणि त्याच्या त्या दोन नळ्या लांबच्या लांब, मधे जरा फुगलेल्या, सगळीकडून केसाळ. "अगं बया," आई म्हणाल्या, "ही तर बाटली धुवायची घासणी!" तू मला डोळा मारलास. "बघ, वहिनी, आई पास." मग शेपटी दाखवलीस. पावट्यावरच्याची बोटासारखी पुढं आलेली, ह्याची म्हणजे नुसता एक बसका उंचवटा. केसाळ लांब नळ्या, बसकी शेपटी, मिशांचे सहा तुकडे. एवढं जुळलं की वंश ग्रीनिडिया. इथपर्यंत आपलं दोघींचं एकमत होतं, आणि ते टिकलंही असतं.

भांडण वंशाच्या पुढं, जातीवर आलं. सोंडेचा शेवटचा तुकडा मागच्या पायाच्या टोकापेक्षा किती लांब, नळीवर केस किती दाट, हे सगळं आपण मोजलं. उंबर-नांद्रुकाच्या झाडांवर सगळीकडे मिळते त्या जातीशी सगळं जुळत होतं, एक सोडून. पाठीवरचे केस. त्या जातीचे केस टोकाला बोथट, आणि देवराईतल्या खरवतीवरच्या आपल्या माव्याचे केस टोकाला दुभंगलेले, सापाच्या जिभेसारखे. मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून ते बघितलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आपल्या तालुक्यातली, आपल्या डोंगरातली नवी जात! मी तर मनातल्या मनात नावंसुद्धा लावून बघत होते. तू डोळा लावलास, खूप वेळ बघत राहिलीस, आणि म्हणालीस, "छान आहे. पण नवी नाही."

अस्सा राग आला होता तुझा.

आणि त्या देवराईचा नियम. काडी मोडायची नाही. वाळकी फांदी पडलेली असली तरी चुलीत घालायची नाही, तिथंच कुजू द्यायची. तुझ्या घरातल्या कुणी विचारलं असतं की तुम्ही शास्त्र शिकलेल्या, देवबिव मानता का, तर तू 'नाही' म्हणून वाद घातला असतास. पण त्या झाडांत शिरलीस की चपला बाहेर, आणि मला पानसुद्धा खुडू द्यायची नाहीस. "पान देवाचं. किडा कुणाचाच नाही, तो घे." मग ओल्या ब्रशानं एकेक किडा उचलायचा. एकच खरवत, आणि तिची एकच फांदी आपल्या हाताला येणारी. दर थंडीत तीच फांदी. माझ्याकडे काचपट्ट्यांचे डबे भरले, आणि प्रत्येक पट्टीवर दुभंगलेलेच केस. "आता बोल," मी म्हणायचे. "एवढे किडे खोटं बोलतात?"

कापूरहोळला, त्या शेवटच्या वेळी, तू जे उत्तर दिलंस ते मी आधी कुणाकडून ऐकलं असतं तर त्याची वाहवा केली असती. तू म्हणालीस, "वहिनी, तू खूप किडे मोजलेच नाहीस. तू एकच किडा खूपदा मोजलास."

मला कळलं होतं लगेच. म्हणूनच तर मी चिडले. माव्याला नर लागत नाही. आई एकटीच लेकी जन्माला घालते, जिवंत, आणि त्या लेकी हुबेहूब आईच्या. पोटॅशमध्ये उकळून किडा पारदर्शक केला की आत लेक दिसते, डोळ्यांसकट, आणि त्या लेकीच्याही पोटात पुढची सुरू झालेली. एका फांदीवरचं अख्खं खटलं म्हणजे बहुतेक एकाच बाईचा पसारा. त्यांचे केस एकमेकींशी जुळले यात नवल ते काय! "एक आई घे," तू म्हणालीस, "दुसऱ्या रोपावर, दुसऱ्या हवेत ठेव. तिच्या लेकी वाढव, नाती वाढव. तरी सगळ्यांचे केस दुभंगलेले निघाले, तर मी स्वतः तुझ्या नव्या जातीचे पेढे वाटीन. नाहीतर पाठीवरचे केस हवेनं बदलतात एवढंच सिद्ध होईल." मी म्हणाले, "तुला माझं चांगलं बघवत नाही." कशाचा काय संबंध होता? पण म्हणाले. तू मिसळीचा रस्सा पुसून खाल्लास आणि म्हणालीस, "वहिनीसाहेब, रागावा, पण एक आई घ्याच." माझी गाडी आली. मी खिडकीतून हात केला नाही. तू केलास.

याच्यावर मी रडून घेतलंय, आता पुन्हा नाही. पण दुसरी एक गोष्ट आहे आणि तिच्यासाठी मी तुझ्यावर चिडलेय, मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात तरी. देवराईच्या चढाला तू हल्ली मधेमधे थांबायचीस. थांबून पानं उलटी करून बघायचीस. मला वाटायचं, हिला काहीतरी मिळालं, आणि मी धावत तुझ्याजवळ यायचे, "काय आहे, काय आहे?" तू म्हणायचीस, "काही नाही, कोळी." तुला दम लागत होता, सुमे! छातीत दुखत होतं आणि तू मला कोळी दाखवत होतीस. आईंना नको कळायला म्हणून मला नाही सांगितलंस. मी काय आईंची हेर होते? तुझ्या कपाटात गोळ्या सापडल्या, अर्ध्या घेतलेल्या. डॉक्टरनं तपासण्या सांगितल्या होत्या, शाळेच्या सहामाहीनंतर करणार होतीस म्हणे. शहाणी गं तू. माव्याच्या सोंडेचा तुकडा दोनदा मोजल्याशिवाय कागदावर न घेणारी तू, आणि स्वतःचं सगळं अंदाजपंचे.

असो. नावाचं सांगते.

ओसरीवर सरांनी ते काढल्यावर आई आधी चिडल्या होत्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या, सगळं ऐकत होत्या. एकदम म्हणाल्या, "माव्याला? माझ्या लेकीचं नाव माव्याला? आमी राख मारतो की त्याच्यावर!" आदल्याच आठवड्यात तुझी राख नदीत सोडून आलेला तुझा दादा, तो उठून गोठ्याकडे निघून गेला. सरांनी मग शांतपणे समजावलं की हा पिकावरचा नव्हे, रानातला आहे, कुणाचं वाईट करत नाही, आणि एकदा नाव दिलं की जगात कुठेही तो मिळाला तरी त्याच नावानं ओळखला जाईल. आई उठून आत गेल्या. मला वाटलं विषय संपला.

संपतोय कसला! चार दिवसांनी मोबाईल वाजला. "शैला, त्या किड्याचं कुठवर आलं गं?" मी म्हटलं, बघते आई. दोन दिवसांनी पुन्हा. "म्या आळीत समद्यांना सांगितलंय. म्हनलं, आमच्या सुमीचं नाव पुस्तकात येनार हाये. पोरबाळ न्हाई तिला मागं, पर नाव ऱ्हाईल. व्हय ना गं?" काय सांगायचं? तूच सांग. फोनवर त्या हसल्या, गेल्या महिनाभरात पहिल्यांदा.

सरांना मी फोन केला. सगळं सांगितलं, तुझा आक्षेपही सांगितला. सर म्हणाले, "तुझ्याकडे नमुने आहेत, मापं आहेत, चित्रं आहेत. कुणी अडवणार नाही. पुढं कुणी ती जात मोडीत काढलीच तर काढू दे, तेव्हाचं तेव्हा. तोवर तिच्या आईला समाधान मिळेल." सर वाईट माणूस नाहीत. त्यांनाही तू गेल्याचं सोसत नाहीये, म्हणून बोलले. तुझा दादाही तेच म्हणाला. "आईचं आता राहिलंय काय? टाक की करून एवढं." मी म्हटलं, "तिलाच मान्य नव्हतं." तो म्हणाला, "ती आता कुठं बघायला येतीये?" आणि बोलून गेल्यावर स्वतःच तोंड फिरवून बाहेर गेला. भाजी गार झाली तरी आत आला नाही.

मला मोह झाला, सुमन. खोटं कशाला बोलू? फक्त आईंसाठी नाही. माझीही जात झाली असती ती. जातीला तुझं नाव आणि पुढं नाव देणारीचं म्हणून माझं, दोघी एका ओळीत, कायमच्या. पण आपल्या धंद्यात चुकीचं नाव पुसलं जात नाही, हे तुला माहीत आहे. मोडीत निघालेलं नाव खऱ्या नावाखाली लिहितात आणि ते खालचं प्रत्येक जण पुन्हा पुन्हा छापत राहतो. उद्या कुणी हुशार पोरगी एक आई घेईल, तिच्या लेकी वाढवेल, आणि तुझं नाव त्या खालच्या ओळीत जाऊन पडेल. ज्या चुकीला तू शेवटपर्यंत नाही म्हणत होतीस, तिलाच तुझं नाव.

म्हणून शेवटी मी एक आई घेतली.

देवराईत एकटी गेले. चपला बाहेर काढल्या. त्या फांदीवरून ब्रशानं एकच उचलली, गुटगुटीत, आणि डबीत घालून भोरला आणली. ओढ्याकाठच्या खरवतीचं एक रोप तू मला मागच्या पावसाळ्यात दिलं होतंस, ते गच्चीत होतं. त्यावर तिला सोडली, वर मलमलची पिशवी बांधली. तुझा दादा विचारायचा, "बाळंत झाली का?" दुसऱ्या दिवशीच झाली. रोज सकाळी दूध तापत ठेवून मी आधी गच्चीत जायचे. लेकी मोठ्या झाल्या, त्यांना लेकी झाल्या. आई मेली तेव्हा तिला काचपट्टीवर घेतलं. केस दुभंगलेले, सगळे. मग लेकी एकेक करून घेतल्या. अल्कोहोलमध्ये गरम केल्या, पोटॅशमध्ये, धुतल्या, मांडल्या. तू हरावीस की जिंकावीस, मला काय हवं होतं तेच कळत नव्हतं.

काहींचे केस दुभंगलेले. काहींचे बोथट. आणि एकीच्या तर एकाच पाठीवर दोन्ही. नातींमधे दुभंगलेले जवळजवळ नव्हतेच. पुन्हा बघितलं, भिंग बदलून बघितलं, कॉलेजातल्या चांगल्या यंत्रावर जाऊन बघितलं. तेच.

काल मार्गासनीला गेले. आई अंगणात पावटा सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसले, मूठभर शेंगा घेतल्या. थोड्या वेळानं म्हटलं, "आई, त्या किड्याला सुमनचं नाव नाही देता येणार."

"का गं? सरकार न्हाई म्हनलं?"

"तो नवा नाहीच. जुनाच आहे, त्याला आधीचंच नाव आहे. मी नवा म्हणत होते, सुमन नाही म्हणत होती. मी घरी वाढवून बघितला. तिचं खरं निघालं."

त्यांचे हात थांबले. शेंगा मांडीवरच राहिल्या. "म्या तर समद्यांना सांगून बसले," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडल्या. तेराव्यालाही अशा रडल्या नव्हत्या. मी काय करू? हात धरला, तर त्यांनी सोडवून घेतला. मला वाटलं, आता या माझं तोंड बघणार नाहीत. करून टाकायला हवं होतं, सर म्हणाले तसं, असंही मनात येऊन गेलं. मग त्यांनी डोळे पुसले, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"मंग, तिला सांगितलंस का?"

"कुणाला?"

"सुमीला. तिचं खरं झालं म्हून." त्यांनी पुन्हा एक शेंग उचलली. "लई जिवाला लागलं व्हतं गं तिच्या. भाकरी खाताना बी त्येच. 'आये, शैला कदी ऐकत न्हाई माझं.' म्या म्हनायची, ऐकंल, तूच तिला आनलीस ना ह्या घरात. तर सांग तिला. कुठं तरी ऐकत असंल."

मला नव्हतं सुचलं, सुमन. सरांना कळवलं, तुझ्या दादाला सांगितलं, आईंना सांगितलं. ज्या एका माणसाला सांगायचं, त्यालाच राहिलं होतं. म्हणून बसलेय लिहायला.

जात एकच आहे. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. बघ, म्हटलं की नाही? आता तू काहीतरी बोल.